पडलं किती, मुरलं किती: पावसाच्या पाण्याचा हिशेब

पृथ्वीभोवतीच्या हवेत कोणत्याही क्षणी सुमारे 13,000 घन किलोमीटर पाणी असतं. जगभरात वर्षाकाठी पडणारा पाऊस आणि बर्फ मात्र 5 लाख घन किलोमीटरच्या घरात जातो. म्हणजे आभाळातला साठा वर्षातून साधारण 38 वेळा रिता होतो आणि तितक्याच वेळा भरतो. हवेत पाण्याचा मुक्काम सरासरी नऊ-दहा दिवसांचा, तर समुद्रात तीन हजार वर्षांचा. जलचक्र समजून घ्यायचं तर पाणी कुठून कुठे जातं हे पाहून भागत नाही. ते कुठे किती थांबतं, हे मोजावं लागतं. आपलं पिण्याचं आणि शेतीचं पाणी या थांबण्यावरच अवलंबून आहे.

जमिनीचा जमाखर्च

जगातल्या जमिनीवर दरवर्षी सुमारे 1,10,000 घन किलोमीटर पाणी पडतं. त्यातलं 70,000 घन किलोमीटर मातीतून, पाणवठ्यांवरून आणि झाडापिकांच्या पानांतून वाफ होऊन वर जातं. उरलेलं 40,000 नद्यांमधून आणि जमिनीखालून समुद्राला मिळतं. समुद्रावरून वाऱ्यासोबत येणारी वाफ ही तूट भरून काढते. थोडक्यात, पावसाच्या रुपयातले 64 पैसे परत आभाळात जातात. हे सगळं वाया जात नाही. रान त्याच्यावरच जगतं, पीक त्याच्यावरच वाढतं. पण नदी-विहिरींच्या वाट्याला उरलेलंच येतं.

भारतात वर्षाला सुमारे 4,000 अब्ज घनमीटर पाणी पडतं. त्यातलं वापरता येण्याजोगं धरलं जातं 1,123 अब्ज घनमीटर, म्हणजे 28 टक्के.

घाटमाथा आणि माणदेश

अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि वाफेचं पाणी होतं. सुमारे 1,350 मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात वर्षाला 5,500 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत तो एक तृतीयांशावर येतो. घाट उतरणारी हवा पुन्हा तापते, ढग विरतात आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या पदरात पडतात जेमतेम 500 मिलिमीटर.

पाऊस किती दिवसांत पडतो, हेही तितकंच महत्त्वाचं. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. माणचा जवळपास दोन वर्षांचा पाऊस एका दिवसात. हवा 1 अंशाने तापली की तिची वाफ धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे धो-धो सरींचं प्रमाण वाढण्याची शक्यता आहे. अशा सरीला जमिनीत शिरायला सवड मिळत नाही. ओढ्याला लोंढा येतो आणि माती घेऊन निघून जातो.

खडकात किती मावतं?

महाराष्ट्राचं चार पंचमांशाहून जास्त क्षेत्र काळ्या बेसॉल्ट खडकाचं आहे. भूजलाच्या शासकीय मूल्यांकनात या खडकात पावसाचं साधारण 6 ते 14 टक्के पाणी मुरतं असं धरतात. सोयीसाठी 10 टक्के धरू. 500 मिलिमीटर पावसातलं 50 मिलिमीटर मुरलं.

आता विहिरीत डोकावू. वर माती, खाली मुरूम, मग भेगाळलेला खडक, त्याखाली सलग पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत. हा खडक आपल्या आकारमानाच्या अवघं 1 ते 3 टक्के पाणी विहिरीला देतो. 2 टक्के धरले, तर मुरलेल्या 50 मिलिमीटरने विहिरीची पातळी अडीच मीटर चढते. दीड पुरुष पाणी वाढलेलं दिसतं, शेतकरी सुखावतो आणि मोटार सुरू होते. पण सबंध शिवारात त्या अडीच मीटरमागे आहे ते बोटभर उंचीचं पाणी! दिवाळीला काठोकाठ दिसणारी विहीर होळीला तळ गाठते, ती यामुळेच. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

एका हेक्टरामागे तीस

उसाला हंगामात साधारण 1,500 ते 2,500 मिलिमीटर पाणी लागतं. 2,000 धरू. पावसाचे 500 मिलिमीटर पिकाला पुरेपूर लागू पडले असं मानलं, तरी 1,500 उपसावे लागतात. हेक्टरी 50 मिलिमीटर मुरतं, म्हणजे विहिरीवरचा एक हेक्टर ऊस तीस हेक्टरांत मुरलेलं पाणी पितो. ठिबकने हा आकडा खाली येतो. पण ठिबकवर वाचलेल्या पाण्यात नवा ऊस लावला, तर जमिनीखालची शिल्लक तेवढीच राहते. बांधबंदिस्ती आणि समतल चर हवेतच, कारण ते पाण्याला थांबवतात. मात्र उपशाला लगाम नसेल, तर हे कष्ट एका उन्हाळ्यात संपतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हे ओळखलं. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने पाणलोटाची कामं केली, सिंचनासाठी बोअर घेण्यावर आणि ऊस-केळीवर बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस मोजायचा, शिल्लक बघायची आणि मग पिकं ठरवायची.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत राज्यातल्या हजारो निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. यातलं ऑक्टोबरचं मोजमाप सर्वात मोलाचं, कारण तेव्हा रब्बीचा निर्णय अजून हातात असतो. प्रत्येक ग्रामसभेने त्या महिन्यात तीन आकडे फळ्यावर लिहावेत: पडलं किती, मुरलं किती आणि उपसायचं किती. पहिला आकडा आभाळाच्या हाती आहे. दुसरा बराचसा आणि तिसरा पूर्णपणे आपल्या.