तावीज, टीव्ही आणि बजबजची लोकल

टीव्हीवर ‘हनुमान चालिसा यंत्रा’ची जाहिरात लागायची. असल्या जाहिरातींचा साचा तुम्हाला पाठ असेल. आधी कर्जाने खचलेला चेहरा, मग गळ्यात चकचकीत लॉकेट, लगेच भरभराट आणि खाली फोन नंबर. आपण चॅनेल बदलतो. एका शिक्षकाने मात्र २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका केली. निकाल लागला ५ जानेवारी २०२१ रोजी, आणि तो समजून घेताना आजही थक्क व्हायला होतं.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नरबळी आणि अंगात आणणारे भोंदू येतात. न्यायालयाने तोच कायदा टीव्हीच्या पडद्याला लावला. देवाच्या किंवा बाबाच्या नावाने चमत्कारी गुण सांगून वस्तू विकणारी जाहिरात बेकायदा ठरली. विकणाऱ्याबरोबर ती दाखवणारं चॅनेलही कचाट्यात आलं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत! अशा जाहिरातींवर नजर ठेवायला मुंबईत कक्ष उभारा, असंही न्यायालयाने सरकारला बजावलं.

पण हा कायदा लागलाच कशाला? देशात १९५४ पासून ‘औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम’ आहेच. दिल्लीत टीव्हीचं पहिलं प्रक्षेपण झालं १९५९ मध्ये. त्याच्या पाच वर्षं आधी संसदेने तावीज, मंत्र आणि कवच हे शब्द कायद्याच्या व्याख्येत चक्क लिहून ठेवले होते. गंमत पुढे आहे. या कायद्याची नजर फक्त शरीरावर. ‘तावीज बांधा, मधुमेह जाईल’ म्हणणारा सापडतो. ‘तावीज बांधा, लक्ष्मी येईल’ म्हणणारा अलगद निसटतो. ही फट महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने बुजवली.

आता मुंबईच्या लोकलमध्ये दिसणारा ‘बाबा बंगाली’चा कागद आठवा, आणि तसाच कागद खुद्द बंगालात, सियालदहहून बजबजला जाणाऱ्या लोकलच्या डब्यात चिकटलाय असं समजा. तिथे महाराष्ट्राचा कायदा चालत नाही. कागदावर रोग बरा करण्याची हमी असेल तर १९५४ चा कायदा आहे; पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. हमी पैशाची किंवा नोकरीची असेल तर? तिथे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा उपयोगी पडतो. त्याखालचं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. जाहिरात करणाऱ्या नामवंतावर वर्षभराची बंदीही येऊ शकते.

याच कायद्याखाली जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली. ती होर्डिंगलाही लागू आहेत आणि मोबाइलवरच्या रीललाही. त्यातला एक नियम मला फार आवडतो: खुलाशाची तळटीप दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टाइपात हवी. म्हणजे बजबजच्या रस्त्यावर बंगालीत मोठ्ठा दावा करायचा आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या इंग्रजीत ‘अटी लागू’ म्हणून सुटायचं, हे चालणार नाही. नाशिकच्या मराठी फलकालाही तेच. पैसे घेऊन रील करणाऱ्यानेही पैसे घेतल्याचं रीलच्याच भाषेत सांगायला हवं.

इतकं बारकाईने लिहिलेलं असूनही गल्लोगल्ली फलक झळकतात, कारण प्रत्येक खांबाखाली अधिकारी उभा करता येत नाही. औरंगाबादचा निकालसुद्धा एका माणसाने अर्ज केला म्हणूनच लागला. तेव्हा असा फलक किंवा रील दिसली, तर फोटो काढा, तारीख आणि जागा टिपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.