वाकळेची सावड

आपल्या जालना जिल्ह्यात लोकरीच्या विणकामापेक्षा वाकळ अधिक ओळखीची. कापसाचाच हा मुलूख. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून धावदोरा घातला की गोधडी झाली, इतके ते सोपे वाटते. पण मोठ्या वाकळेचे थर एकट्या बाईला आवरत नाहीत. एकीकडे टाका घालावा, तो दुसरीकडे चुणी पडते. म्हणून चार बाजूंना चौघी बसतात आणि काठाकडून आत शिवत येतात. दुपार कलते तशा त्या एकमेकींजवळ सरकतात. (बोलण्याचा आवाजही मग उतरतो!) आज हिच्या ओसरीवर, उद्या तिच्या. आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबण्याची जी सावड, तिचाच हा प्रकार. मजुरी नाही, फेड मात्र चुकवायची नाही. एकीचा टाका बारीक, दुसरीचा लांब; कोणती बाजू कोणाची, हे पुढेही ओळखू येते.

आता जुनी साडी पुष्कळदा कृत्रिम धाग्याची निघते, निसरडी आणि घाम न टिपणारी. शिवाय बाजारात ब्लँकेट स्वस्त. शहरांतल्या प्रदर्शनांत गोधड्या भिंतीवर लागतात, याचा आम्हांला आनंदच आहे. चौघींचे बसणे मात्र त्यामुळे वाढलेले नाही. बाळाच्या दुपट्यासाठी अजून मऊ सुती लुगडे शोधतात. दुपटे लहान, एकटीला सहज होणारे. तरी ते शिवताना शेजारीण येऊन बसते.