गुप्त सभांतील सहभोजन आणि क्षणजीवी कागद

बंधुमंडळांचे विधी गुप्त असले, तरी त्यांच्या मेजवान्या व सहली निमंत्रणपत्रे, कार्यक्रमपत्रिका असे क्षणजीवी कागद मागे ठेवितात. १८४३ साली मुंबईत एतद्देशीयांस प्रवेश देण्यासाठी निघालेल्या ‘रायझिंग स्टार’ या फ्रीमेसन लॉजात भोजन हा विधीनंतरचा स्नेहसोहळा होता. १८४९ मध्ये स्थापन झालेल्या परमहंस सभेत मात्र जातिबंधन मोडणारे सहभोजन हाच विधी. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणे ही सभासदाची कसोटी. अशा भोजनाचे निमंत्रण छापणे म्हणजे बहिष्कार ओढवून घेणेच होते. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीस गेली आणि सभा मोडली. सारांश, येथे छापील कागदांचा अभाव हा सामाजिक जीवनाचा अभाव नव्हे. तो बहिष्काराच्या भयाचाच पुरावा होय.