महाद्वारींचे चोखोबा

पंढरपुरास श्रीविठ्ठलाच्या मंदिरांत पूर्वेकडील महाद्वारानें जाऊं लागलें म्हणजे पहिली पायरी लागते ती नामदेवांची. तिच्यावर पाऊल न ठेवतां वारकरी ती ओलांडून पुढें जातो. या पायरीच्या समोरच एक लहानशी समाधि आहे, ती चोखामेळ्याची. दोन स्नेही असे समोरासमोर कां विसावले, ही कथा श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं कीर्तनांत ऐकली असेल; परंतु हाडांच्या चमत्काराच्या नादांत तिच्यांतील मुख्य गोष्ट बहुधा ऐकावयाची राहून जाते.

चोखोबा मंगळवेढ्यास राहत. पंढरपुराहून हें गांव सुमारें २५ किलोमीटरांवर आहे. जन्म महार जातींत. तेव्हां गांव सांगेल तें काम करणें हाच धर्म. नामदेवांस ते गुरु मानीत. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि पुत्र कर्ममेळा या सर्वांच्या नांवावर अभंग आहेत. एका कुटुंबांतून इतकी रचना झाल्याचें उदाहरण आपल्या वाङ्मयांत विरळा! मात्र ज्या देवासाठीं हे अभंग रचले गेले, त्याच्या देवळाची पायरी चढण्याची या कुटुंबांतील कोणासही मुभा नव्हती.

परंपरेप्रमाणें शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्यें, मंगळवेढ्याच्या गांवकुसाचें बांधकाम चालू असतां भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसह तिच्याखालीं गाडले गेले. हें वृत्त कळतांच नामदेव मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यांतील हाडें एकमेकांत मिसळलेलीं होतीं. ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनि आला तीं चोखोबांचीं, असें ओळखून त्यांनीं तीं पंढरपुरास आणलीं व महाद्वारीं समाधि दिली, अशी कथा आहे.

हाडें बोललीं कीं नाहीं, याचा वाद चिकित्सकांनीं घालावा. विचार करण्याजोगें आहे तें नामदेवांचें जाणें. नामदेव शिंपी, मृत मनुष्य महार. प्रेतास कोणी शिवावयाचें, सुतक कोणी पाळावयाचें, हें सारें त्या काळीं जातीनें ठरलेलें होतें. सोयराबाई व कर्ममेळा हे घरचे. त्यांचा शोक त्यांच्या अभंगांत शोधतां येतो. नामदेव रक्ताच्या नात्याचे नव्हेत. तरीही एका स्नेह्यासाठीं त्यांनीं ढिगारा उपसला, अस्थि स्वतः वाहून आणल्या आणि ज्या दारापलीकडे चोखोबांस कधीं पाऊल टाकतां आलें नाहीं, त्याच दाराशीं त्यांस कायमची जागा करून दिली. वारकऱ्यांत संताची पुण्यतिथि रडून नव्हे, कीर्तन करून साजरी होते. आळंदीस कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानेश्वरांचा समाधिसोहळा होतो, देहूस फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकारामांची बीज होते. ज्ञानेश्वरांच्या समाधीचें वर्णन करणारे अभंगही नामदेवांच्याच नांवावर आहेत. आपल्या माणसास निरोप कसा द्यावा, हें या संप्रदायानें बव्हंशीं त्यांच्यापासूनच घेतलें.

परंतु हा सन्मान दाराशींच थांबला, हेंही सांगितलें पाहिजे. चोखोबांस मरणानंतरही आंत जागा मिळाली नाहीं. आणि पुढें सहाशें वर्षें अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांची वारी या समाधीपाशींच संपत असे. शेंकडों कोस चालून आलेला मनुष्य येथें माथा टेकी आणि कळसाकडे पाहून माघारा फिरे. मे १९४७ मध्यें साने गुरुजींनीं पंढरपुरास तनपुरे महाराजांच्या मठांत उपोषण केलें, तें हें दार उघडावें म्हणूनच. दहा दिवसांनीं तें सुटलें. पुढच्याच वर्षीं, १९४८ सालीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं अस्पृश्यांच्या उगमाविषयींचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला.

त्या भिंतीखालीं चोखोबांबरोबर जे इतर मजूर मेले, त्यांचीं नांवें कोणत्याही अभंगांत आलेलीं नाहींत. त्यांचीं हाडें वेगळीं करावयास कोणी आलें नाहीं.

नामदेव इ. स. १३५० मध्यें, म्हणजे बारा वर्षांनीं गेले. त्यांनीं आपल्यासाठीं पायरीची जागा मागून घेतली, असें पंढरपुरची परंपरा सांगते. आजही आषाढींत गर्दी कितीही असो, वारकरी प्रथम चोखोबांपुढें वांकतो, मग पायरीस हात लावून कपाळाशीं नेतो, आणि मग आंत जातो.