बहुरूप्याचा गळा का बसतो?

मुलांनो, बहुरूपी तुम्ही पाहिलाच असेल. सुगी आटोपली की खाकी कपडे चढवून, हातात दांडकं घेऊन तो दारात उभा राहतो आणि 'चला, तुमच्या नावाचं वॉरंट आहे!' म्हणून घरच्यांना दरडावतो. सारं घर हसतं आणि त्याच्या झोळीत पसाभर ज्वारी पडते. तो खरा फौजदार नसतो, पण फौजदारासारखा चालतो, बोलतो, अगदी खाकरतोसुद्धा! संगणकाच्या जगातही असे बहुरूपी आहेत, बरं का! त्यांना 'एम्युलेटर' म्हणतात.

एम्युलेटर हा एक प्रोग्रॅम असतो. तो आजच्या संगणकावर चालतो, पण सोंग घेतो एखाद्या जुन्या संगणकाचं. त्या जुन्या यंत्रासाठी लिहिलेला खेळ त्याला दिला, की खेळाला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत.

हे सोंग हवं कशाला? एक उदाहरण सांगतो. १९८४ साली आपल्या देशात शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू झाला. पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळांना 'बीबीसी मायक्रो' नावाचे संगणक मिळाले. हे यंत्र ब्रिटनच्या अ‍ॅकॉर्न कंपनीने १९८१ साली बाजारात आणलं होतं. त्याची स्मरणशक्ती होती अवघी ३२ किलोबाइट. आज मोबाईलवर काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही! तरी त्याला तीन सूर एकाच वेळी वाजवता येत, शिवाय खळखळाट करायला चौथी वाट वेगळी. आज अशी चालू यंत्रं फार थोडी उरली आहेत. मात्र त्यांचे कितीतरी प्रोग्रॅम शिल्लक आहेत. ते पाहायचे, ऐकायचे तर बहुतेकांना बहुरूप्यालाच बोलवावं लागतं.

तुमच्या आईबाबांनी लहानपणी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळला असेल. तो चालायचा 'डॉस'वर. त्या जुन्या खेळांसाठी 'डॉसबॉक्स' नावाचा एम्युलेटर २००२ सालापासून फुकट मिळतो.

आता आपल्या मुद्द्याकडे वळू. खेळ सुरू होतो, चित्र दिसतं, पण आवाज? तो रेंगाळतो, जाडाभरडा होतो, नाहीतर तुटत तुटत येतो. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणं कसं घोगरं होत जायचं, ते मोठ्यांना विचारा. अगदी तसंच! आर्णीतल्या एका पालकांनी मला विचारलंच, "सर, याचा गळा बसला काय? नवा स्पीकर आणू काय?"

थांबा! खिशात हात घालण्याआधी एक सोपी परीक्षा करा. त्याच संगणकावर साधं गाणं लावा. ते नीट वाजलं तर स्पीकर निर्दोष आहे. बिघडलेला स्पीकर आवाज फाडेल, बारीक करेल, पण गाणं लांबवू शकणार नाही. वेळ मोजणं हे त्याचं कामच नव्हे. मग दोष कुठे? तो समजायला आवाज संगणकात कसा राहतो ते पाहावं लागेल.

संगणक आवाजाचे बारीक बारीक दाणे करून ठेवतो. त्यांना 'नमुने' म्हणतात. सीडीवरच्या गाण्यात एका सेकंदासाठी ४४,१०० नमुने असतात. हे दाणे आधी एका छोट्या टाकीत जमतात. तिला 'बफर' म्हणतात. टाकीच्या वरून एम्युलेटर दाणे ओततो, खालच्या तोटीतून ते ठरलेल्या वेगाने स्पीकरकडे जातात. तोटी कुणासाठी थांबत नाही. तिला दर सेकंदाला ४४,१०० म्हणजे ४४,१०० दाणे हवेतच!

आता थोडं गणित करू. बीबीसी मायक्रोचं काळीज सेकंदाला २० लाख ठोके टाकायचं. २० लाखांना ४४,१०० ने भागा. उत्तर येतं ४५ च्या थोडं वर. म्हणजे जुन्या यंत्राचे सुमारे ४५ ठोके झाले, की एक दाणा टाकीत पडायला हवा. पण बहुरूप्याची मेहनत मोठी. जुन्या यंत्राची एक आज्ञा समजून घेऊन ती वठवायला त्याला स्वतःच्या कितीतरी आज्ञा खर्चाव्या लागतात. समजा तुमचा संगणक थकलेला आहे आणि सेकंदाला २० ऐवजी १० लाखच ठोके वठवू शकतो. मग दाणे किती पडतील? २२,०५०. तोटीला हवेत ४४,१००. अर्धी टाकी रिकामी!

अशा वेळी काही एम्युलेटर रिकाम्या जागा तशाच सोडतात. मग आवाज 'कर्र-कर्र' तुटतो. काही जण एकेक दाणा ताणून दोन दाण्यांची जागा भरतात. मग गाणं दुप्पट लांबतं आणि सूर खाली जातो. हार्मोनियमवर मधल्या 'सा'वरून खालच्या सप्तकातल्या 'सा'वर गेल्यासारखं! कारण खालच्या 'सा'ची कंपनं मधल्या 'सा'च्या बरोबर निम्मी असतात.

म्हणजे, मुलांनो, आवाज हळू झाला की बिघाड बहुतेक वेळा आवाजात नसतो, वेळेच्या हिशेबात असतो. म्हणून वैद्यासारखी नाडी बघायची. आधी घड्याळ, मग कान.

घड्याळाची परीक्षा अशी. बीबीसी मायक्रोच्या बेसिक भाषेत 'टाइम' नावाचं आतलं घड्याळ आहे. ते सेकंदाचे शंभर भाग करून मोजतं. ते शून्यावर आणा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बरोबर ६० सेकंद थांबा. आता 'टाइम'चा आकडा छापून पाहा. ६,००० च्या आसपास आला तर बहुरूपी वेळेवर चालतोय. ३,००० आला तर तो निम्म्याच वेगाने चालतोय. बोलण्यासारखं काही उरलंच नाही!

आता तीन दुखणी आणि त्यांचे तीन उपाय.

पहिलं दुखणं : घड्याळ बरोबर, सूरही बरोबर, पण आवाज अधूनमधून तुटतो. इथे दाणे पुरेसे पडतात, फक्त मध्येच क्षणभर धार थांबते, कारण संगणक दुसऱ्याच कामात गुंततो. बाकीचे प्रोग्रॅम बंद करा. तरीही तुटलं तर सेटिंगमध्ये जाऊन बफर थोडा वाढवा. थोडाच, बरं का! टाकी फार मोठी केली तर दाण्याला खाली पोचायला वेळ लागतो, आणि राजपुत्राने उडी मारून झाल्यावर मागाहून 'धप्प' ऐकू येतं.

दुसरं दुखणं : घड्याळ मागे, चित्रही हळू, आवाजही हळू. इथे बहुरूपी खरोखरच दमलाय. टाकी कितीही मोठी करा, वरून धार कमी असेल तर ती उशिरा का होईना, रिकामी होणारच. इथे उपाय ओझं कमी करण्याचा. खिडकी लहान करा, चित्र गुळगुळीत करणाऱ्या सोयी बंद करा. लॅपटॉप वीज वाचवण्याच्या बेतात चालत असेल तर तो बेत बदला. डॉसबॉक्समध्ये कंट्रोलसोबत एफ-१२ दाबलं की सोंगातल्या यंत्राचा वेग वाढतो, एफ-११ दाबलं की कमी होतो. खेळ हळू म्हणून पुष्कळ जण एफ-१२ दाबतच सुटतात. पण बैल थकला असेल तर चाबकाने काय होणार? संगणकाच्या ताकदीबाहेर वेग मागितला की आवाज आणखीच तुटतो. तेव्हा आधी वेग कमी करून बघा. फरक पडला नाही तर मग वाढवा.

तिसरं दुखणं : घड्याळ बरोबर, चित्र वेळेवर, पण आवाज जाड आणि हळूहळू चित्राच्या मागे पडत जाणारा. इथे आकड्यांची गफलत आहे. एम्युलेटर सेकंदाचे ४८,००० दाणे करतो आणि तोटी ४४,१०० च्याच वेगाने सोडते, असं झालं तर मिनिटाचं गाणं ६५ सेकंदांना संपेल. उपाय सर्वांत सोपा. सेटिंगमध्ये दोन्हीकडे एकच आकडा ठेवा.

आणि एक नियम वहीत लिहूनच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ऐकायचं, काय झालं ते टिपायचं, मग दुसरी. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज सुधारला, तर कशाने सुधारला हे कधीच कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडणं आलं. आपल्या आर्णीसारख्या गावात एकच संगणक भावंडांना वर्षानुवर्षं पुरवावा लागतो. 'हा म्हातारा झाला, नवा घ्या,' असं कुणी सांगितलं तर ही वही त्याच्यापुढे ठेवा. कधी कधी हजारो रुपयांचं काम एक आकडा बदलून होतं. आणि वहीतलं घड्याळच सांगत असेल, की यंत्राची ताकद खरंच संपली, तर पालकांनाही खर्च पटून करता येतो.

पालकांसाठी आणखी एक गोष्ट. जुनं यंत्र कपाटात नसलं, की ते कसं वाजायचं हे पुढच्या पिढीला बहुरूपीच सांगणार. त्याने निम्म्या वेगाने सांगितलं तर मुलं तेच खरं धरून चालतील. तो सूर ज्यांनी १९८४ नंतर शाळेत स्वतः ऐकला, ती माणसं आज आपल्यात आहेत. आवाज दुरुस्त झाला, की त्यांना ऐकवा आणि विचारा, "असाच होता का?"

करून पाहा : 'ऑडॅसिटी' हा फुकटचा प्रोग्रॅम संगणकावर घ्या. त्यात स्वतःचं नाव बोलून साठवा. आधी त्याचा 'स्पीड' निम्मा करा. आवाज लांबेल आणि जाडही होईल. ते रद्द करून आता फक्त 'टेम्पो' निम्मा करा. आवाज लांबेल, पण सूर तुमचाच राहील! दोन्हींत वेळ तेवढाच लागला, मग फरक कशाचा? वर सांगितलेल्या दाण्यांवरून विचार करा आणि उत्तर वहीत लिहा.