सौम्य, पण उपेक्षणीय नव्हे

हाडात गाठ आहे असे कळताच कर्करोगाच्या धास्तीने खचणाऱ्या प्रौढ रुग्णास प्रथम हे सांगणे जरूर आहे, की ज्या गाठीस वैद्यकात ‘जायंट सेल ट्यूमर’ म्हणतात ती बहुधा सौम्य प्रकृतीची असते. तथापि अस्थींची वाढ पुरी झाल्यानंतर, विशेषतः २० ते ४० या वयात, गुडघ्यालगत वा मनगटापाशी सांध्यास भिडून वाढणारी ही गाठ हाड आतून पोखरीत जाते, आणि कित्येकदा अस्थिभंग झाल्यावरच तिचा सुगावा लागतो.

क्ष-किरण चित्राने संशय येतो, एमआरआयने विस्तार कळतो, परंतु अखेरचा निकाल बायॉप्सीचा. आणि ती पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदाच्याच सल्ल्याने व्हावी, असा आमचा आग्रह आहे, कारण सुईचा मार्ग चुकल्यास शस्त्रक्रियेची आखणीच बिघडते. पॅराथायरॉइड ग्रंथीच्या विकारातही हुबेहूब अशी गाठ दिसू शकत असल्यामुळे रक्तातील कॅल्शियम व त्या ग्रंथीचे संप्रेरक तपासण्यात कसूर होऊ नये.

गाठ खरवडून, पोकळीची भिंत यंत्राने घासून, तीत अस्थि-सिमेंट भरणे हा रूढ इलाज होय. जेथे शस्त्रक्रिया दुष्कर तेथे डेनोसुमॅब हे औषध देतात. त्यास अमेरिकेत २०१३ साली या गाठीसाठी मंजुरी मिळाली, मात्र ते थांबविल्यावर गाठ पुन्हा वाढू शकते. पुनरुद्भवाचा संभव पहिल्या दोन-तीन वर्षांत अधिक असतो, आणि क्वचित ही गाठ फुप्फुसातही पोहोचते. म्हणून फेरतपासणीत छातीचे चित्रही काढतात.