तारे मोजू नका, तक्रार वाचा : जीपीएस अपडेट करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल लोक काय म्हणतात

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जे अघळपघळ झालं ते थोडं आवरलंय, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात एका कबुलीने करतो. मागच्या दिवाळीत मी घरी, मुकुटबनला गेलो होतो. मुकुटबन म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यातलं गाव. एका अंगाला वणीकडच्या कोळसा खाणी, गावाजवळ सिमेंटचा कारखाना, आणि पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. त्यामुळे ट्रक हा आमच्याकडे घरातला विषय. माझे काका आयुष्यभर ट्रकच चालवत आले. त्यांच्याकडे काचेला चिकटवायचं एक जुनं जीपीएस उपकरण आहे, रस्ता बोलून सांगणारं. ते माझ्यासमोर ठेवून काका म्हणाले, "तू इंजिनिअर हायेस ना? मंग हे अपडेट करून दे. आता गाडी पोरगा नेणार हाये."

मी त्या कंपनीचं अपडेट करणारं सॉफ्टवेअर शोधलं. ताऱ्यांची सरासरी बरी दिसली. खालचे रागावलेले अभिप्राय चाळले आणि "लोकांना वाचता येत नाही, दुसरं काय" असं म्हणून सोडून दिले. घरचा जुना डेस्कटॉप, यूपीएस नाही. नकाशा उपकरणात उतरत असताना लाइट गेली. लाइट आली तेव्हा उपकरण कंपनीच्या चिन्हावर अडकलेलं. दुसऱ्या दिवशी फॅक्टरी रीसेट करून मी ते चालू केलं. नकाशा नवाकोरा आला, पण काकांनी वर्षानुवर्षं साठवलेली ठिकाणं गेली. सगळी.

कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण चूक माझी होती. मी सोडून दिलेल्या त्याच अभिप्रायांत तीनचार जणांनी लिहून ठेवलं होतं : आधी स्वतःची ठिकाणं उतरवून घ्या. म्हणून आजचा विषय हा : अशा सॉफ्टवेअरबद्दलची लोकांची मतं वाचायची कशी?

आधी हे समजून घेऊ : अपडेट म्हणजे नेमकं काय?

आमच्याकडे ट्रकवाले "जीपीएस" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा मालक घरबसल्या गाडी कुठे आहे ते बघतो, त्या ट्रॅकरबद्दल बोलत असतात. आपण आज बोलतोय ते रस्ता दाखवणाऱ्या उपकरणाबद्दल. दोन्ही वेगळे.

हे उपकरण सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश ऐकतं. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपण कुठे आहोत ते गणिताने काढतं. याला इंटरनेट लागत नाही. पण उपग्रहाला रस्ता माहीत नसतो! तो फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगतो. रस्ता असतो तो उपकरणात साठवलेल्या नकाशात. म्हणजे उपकरणात तीन वेगवेगळ्या गोष्टी नांदतात.

पहिली, फर्मवेअर, म्हणजे उपकरण चालवणारा मूळ प्रोग्राम. हा जुना राहिला तर काय होतं याचं चांगलं उदाहरण एप्रिल २०१९ चं. जीपीएसची व्यवस्था आठवडे मोजते आणि जुन्या पद्धतीत ही मोजणी १,०२४ आठवड्यांनी परत शून्यावर येते, जशी जुन्या स्कूटरच्या मीटरची गोल फिरून शून्यं होतात. मोजणी ६ जानेवारी १९८० ला सुरू झाली. ती ऑगस्ट १९९९ मध्ये एकदा शून्यावर आली आणि ६ एप्रिल २०१९ च्या रात्री दुसऱ्यांदा. ज्यांचं फर्मवेअर तयार नव्हतं अशा काही उपकरणांच्या तारखा चुकल्या. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी कामांचं वायरलेस जाळंही त्यामुळे काही दिवस बंद पडलं होतं. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ मध्ये.

दुसरी, नकाशा. आमच्या भागापुरतं बघा. काकांच्या उपकरणात पैनगंगा ओलांडली की अजून आंध्र प्रदेश लागायचा. तेलंगण झालं २ जून २०१४ ला. पांढरकवड्यावरून जाणारा महामार्ग त्यात अजून ७ नंबरचा होता, आता तो ४४ आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता ५ जून २०२५ ला. जुना नकाशा घेऊन समृद्धीवर गेलात तर उपकरण तुमची गाडी शेतातून पळताना दाखवणार आणि बिचारं सारखं "मागे वळा" म्हणणार.

तिसरी, तुमची साठवण. काकांच्या उपकरणात कोणत्या जिनिंगचं मागचं फाटक उघडं असतं, कोणता वजनकाटा रात्री चालू असतो, कोणत्या नाल्यावरून पावसाळ्यात गाडी घालायची नाही, कुठल्या पोडाकडे वळताना ट्रक अडकतो, हे सगळं होतं. फर्मवेअर आणि नकाशा कंपनीकडून परत मिळतात. ही तिसरी गोष्ट जगात दुसरीकडे कुठेच नसते.

आता अभिप्राय : पाच ढीग करा

घरून परत आल्यावर मी शांतपणे बसून वेगवेगळ्या कंपन्यांच्या अशा सॉफ्टवेअरबद्दलचे अभिप्राय वाचले. एक तारा देणारे सगळे एकाच गोष्टीवर रागावलेले नसतात. मला पाच ढीग दिसले.

पहिला ढीग : "उपकरण कॉम्प्युटरला दिसतच नाही." यातला मोठा भाग केबलचा असतो. काही यूएसबी केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाच्या तारा नसतात. उपकरण चार्ज होतं, पण कॉम्प्युटरला कळत नाही. कधी चुकीचं सॉफ्टवेअर घेतलेलं असतं. टॉमटॉमच्या जुन्या उपकरणांसाठी 'टॉमटॉम होम' होतं आणि नंतरच्यांसाठी 'मायड्राइव्ह कनेक्ट'. एकाचं उपकरण दुसऱ्याला जोडलं की काही दिसत नाही, आणि मग तारा एक!

दुसरा ढीग : "तासन् तास तिथेच अडकतं." नकाशाच्या फाइली मोठ्या असतात. गावाकडचं इंटरनेट, त्यात उपकरणातली जागा अपुरी. अशा वेळी मायक्रोएसडी कार्ड घालावं लागतं किंवा फक्त हवा तेवढा प्रदेश निवडावा लागतो. इथे सॉफ्टवेअरचा दोष असतोच. किती वेळ लागेल आणि मध्येच थांबलं तर काय होईल हे ते धड सांगत नाही. प्रोग्रामर म्हणून सांगतो, पुढे सरकणारी ती पट्टी बहुतेक वेळा अंदाजपंचे असते. त्यामुळे या ढिगातली तक्रार मी खरी मानतो.

तिसरा ढीग : "आयुष्यभर नकाशे देतो म्हणाले होते!" ही तक्रार वचनाची आहे. जानेवारी २०१८ मध्ये टॉमटॉमने जाहीर केलं की काही जुन्या उपकरणांना यापुढे नवे नकाशे मिळणार नाहीत. 'लाइफटाइम मॅप्स' घेतलेले ग्राहकही त्यात होते. कारण दिलं की जुन्या उपकरणांत नव्या नकाशांना पुरेशी ताकद नाही. आणि आयुष्य कुणाचं? घेणाऱ्याचं नाही, उपकरणाच्या उपयोगी काळाचं! लोक भडकले, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. घेताना म्हणूनच विचारायचं : आयुष्य म्हणजे किती वर्षं, ते लेखी कुठे आहे?

याच ढिगात सर्व्हरची गोष्टही येते. अपडेट करणारं सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरशिवाय पांगळं. जुलै २०२० मध्ये गार्मिनवर सायबर हल्ला झाला आणि त्यांच्या अनेक सेवा काही दिवस बंद होत्या. घड्याळवाले तर वैतागलेच, पण वैमानिकांनाही विमानातल्या उपकरणांचा नवा डेटा उतरवता येईना. उपकरण तुमचं, पण ते ताजं ठेवणं कंपनीच्या हातात.

चौथा ढीग : "अपडेट केलं, तरी आमच्या गावचा रस्ता नाही." हे लोक सॉफ्टवेअरवर रागावतात, पण सॉफ्टवेअर फक्त हमाल आहे. गोणीत जे भरलं तेच तो आणणार. रस्ता कंपनीच्या मूळ नकाशातच नसेल तर दहा वेळा अपडेट करून येणार नाही. यावर उपाय आहे : ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये सुरू झालेला हा खुला नकाशा कुणीही दुरुस्त करू शकतो, आणि त्यावरून बनवलेले मोफत नकाशे गार्मिनच्या अनेक उपकरणांत घालता येतात. आपल्या गावचा रस्ता आपणच काढायचा.

पाचवा ढीग सगळ्यात लहान : "माझी ठिकाणं गेली." हे अभिप्राय कमी असतात, कारण हे थोड्यांनाच होतं. सरासरीत ते बुडून जातात. पण बाकी चार ढिगांतलं नुकसान वेळेचं किंवा पैशाचं असतं. हे एकच नुकसान असं, जे परत भरून येत नाही. किती जणांना झालं हे मोजण्यापेक्षा झालं तर काय जाईल हे बघायला पाहिजे होतं, आणि मी नेमकं तेच बघितलं नाही.

आणि पाच तारेवाले? त्यांचं खोटं नसतं. पण बहुतेक "छान, झालं" एवढंच लिहितात. कोणतं उपकरण, कोणता कॉम्प्युटर, नकाशा किती मोठा, काही सांगत नाहीत. मला सगळ्यात कामाचे वाटले ते दोन-तीन तारेवाले. ते चिडलेले असले तरी काय केल्यावर काय झालं ते क्रमाने सांगतात.

मग करायचं काय?

मी आता हा क्रम पाळतो, तुम्हीही पाळा.

एक, अपडेटआधी आपली ठिकाणं उतरवून घ्या. गार्मिनच्या बऱ्याच गाडीतल्या उपकरणांत 'जीपीएक्स' नावाचं फोल्डर असतं, त्यात 'करंट' नावाची फाइल. ती कॉपी करा, स्वतःलाच ईमेल करा. जीपीएक्स हा खुला प्रकार आहे, उद्या उपकरण बदललं तरी फाइल वाचता येते. इतर कंपन्यांत बॅकअपची सोय वेगळ्या जागी असते. ती सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दोन, लॅपटॉपवर करा, बॅटरी पूर्ण भरून. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच.

तीन, डेटाची केबल वापरा, आणि मधल्या हबला न लावता थेट कॉम्प्युटरला लावा.

चार, उद्या पहाटे गाडी निघणार असेल तर आज रात्री अपडेट करू नका.

पाच, झाल्यावर ओळखीचा रस्ता विचारून बघा. आम्ही मुकुटबन ते आदिलाबाद विचारतो.

"फोन असताना हे डबडं कशाला?" असं बरेच जण विचारतात. फोन पुरतो, बहुतेकांना पुरतो. पण रेंज नसलेल्या पट्ट्यात आधी उतरवलेला नकाशाच कामाला येतो, आणि तोही मधूनमधून ताजा करावा लागतो. आणि ठिकाणांचं म्हणाल तर तोच नियम फोनलाही : फोन हरवला, खातं उघडेना, तर साठवलेलं कुठे आहे?

काकांचं सांगायचं राहिलं. ते रागावले नाहीत. थोडा वेळ उपकरणाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मले तर सारं तोंडपाठ हाये रे. पोराले नाही ना." तेव्हा मला कळलं की मी काय पुसलं होतं. पोरासाठी ठेवलेला त्यांचा अनुभव होता तो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं, काका, चुलतभाऊ आणि मी, ट्रकमध्ये बसून वणीकडे गेलो. काका बोट दाखवत होते, भाऊ बटण दाबत होता, मी नावं टाइप करत होतो. संध्याकाळपर्यंत बरीच ठिकाणं परत आली. "बाकीची?" मी विचारलं. काका म्हणाले, "ते त्या रस्त्याले लागल्यावरच आठवते." म्हणून आता पहिले काही महिने काका पोरासोबत बसतात. भाऊ दर महिन्याला ती फाइल मला पाठवतो. माझ्याकडे तिच्या दोन प्रती आहेत.

तुमच्या घरी असं एखादं जुनं उपकरण असेल तर आज फक्त एवढं करा : अपडेट नको, आधी त्या फाइलची प्रत काढा. आणि अपडेट करताना तुमचं काही बिनसलं असेल तर आम्हाला कळवा. तारे नकोत, काय झालं ते क्रमाने सांगा. भेटू पुढच्या भागात!